किंमत उतरते, खर्च उतरत नाही

वर्कशॉपमधलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी ‘गिअरबॉक्स उतरवणं’ म्हणणार नाही. उतरवलेल्या गिअरबॉक्सचा खर्च मालकाला फोनवर सांगणं त्याहून अवघड. माझ्या नोकरीचा आणि नंतरच्या धंद्याचा बराचसा भाग याच कामात गेला. आधी पुण्यात एका महागड्या परदेशी ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. आता दोघा भागीदारांबरोबर स्वतःचं वर्कशॉप आहे. भागीदार गाडीखाली असतात, मी फोनवर. आमच्या लिफ्टवर चढणाऱ्या गाड्या बहुतेक एकाच जातकुळीच्या: व्ही-एट पेट्रोल इंजिन, दोन टर्बो, चारशे-पाचशे हॉर्सपॉवर, सव्वादोन टनांच्या पुढे वजन आणि वॉरंटी केव्हाच संपलेली.

आकडा सांगितला की पलीकडे क्षणभर कोणी बोलत नाही. मग ठरलेलं वाक्य येतं, “अहो, एवढ्यात एखादी वॅगन-आर येईल की!” जुनी वॅगन-आर खरंच येते, त्यामुळे मी वाद घालत नाही. घोळ त्याआधीच झालेला असतो, गाडी घेताना. मालकाचा हिशेब साधारण असा: नवी होती तेव्हा दीड कोटीची होती, दहा-बारा वर्षांनी मला पंचवीस लाखांत मिळाली, म्हणजे माझ्या दारात पंचवीस लाखांची गाडी आहे आणि तिला खर्चही पंचवीस लाखांच्या गाडीएवढाच येणार. पण गाडी तीन हात फिरून स्वस्त झाली, हे ब्रेक डिस्कला कोण सांगणार? डिस्क दीड कोटीच्या गाडीची होती आणि तशीच राहते. उलट कंपनी दरवर्षी सुट्या भागांचे दर वाढवते, आणि युरो वाढला की आणखी वाढतात. गाडीची किंमत खाली येते आणि खर्च वर चढतो. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या वळणावर माझा फोन वाजतो.

या गाड्या एवढा खर्च का काढतात, हे समजायला त्यांची घडण बघावी लागते. स्पोर्ट्स कार हलकी आणि बुटकी असते. पोर्शेने २००२ साली केयेन आणली तेव्हा टर्बो मॉडेलमध्ये साडेचार लिटरचं, ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन एका उंच आणि जडशीळ देहात बसवलं. मग बीएमडब्ल्यूची एक्स-फाइव्ह एम आली, मर्सिडीजच्या एएमजी आल्या, रेंज रोव्हर स्पोर्ट आली आणि २०१७च्या अखेरीस लॅम्बोर्गिनीने ६५० हॉर्सपॉवरची उरुस दाखवली. सगळ्यांपुढे पेच एकच. एवढं वजन जोरात पळवायचं, तितक्याच जोरात थांबवायचं, वळणावर कलंडू द्यायचं नाही आणि आत बसलेल्याच्या पोटातलं पाणीही हलू द्यायचं नाही. त्यासाठी हवेवर तोललेलं सस्पेन्शन, चारही चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस, भल्यामोठ्या ब्रेक डिस्क आणि या सगळ्यांना आपसांत बोलतं ठेवणारी डझनावारी कंट्रोल युनिट्स. यातली प्रत्येक वस्तू आपल्या ताकदीच्या काठावर राबत असते. म्हणूनच बिघाडांच्या जागाही ठरलेल्या. बोनेट उघडण्याआधी आम्ही त्या अर्ध्या ओळखतो.

पहिला शत्रू उष्णता. पहिल्या पिढीच्या व्ही-एट केयेनचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये एक घळ असते. त्या घळीतून, इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, कूलंटचे पाइप नेलेले, आणि तेही प्लॅस्टिकचे. वर्षानुवर्षं तापून ते ठिसूळ होतात आणि एक दिवस तडकतात. कूलंट घळीत साचतं, आणि स्टार्टर मोटार बसवलेली असते नेमकी तिथेच! अमेरिकेत मालकांनी या पाइपांवरून खटले भरले, ते शेवटी तडजोडीने मिटले. उपाय म्हणून पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आले. पण तिथवर पोचायचं तर मॅनिफोल्ड उतरवायला हवा, आणि जुन्या पाइपांची भाजलेली टोकं घरात अशी रुतून बसलेली असतात की ती कोरून काढावी लागतात. मजुरीचा आकडा ऐकून मालक म्हणतो, “पाइप बदलायला एवढे?” पाइपाचे थोडेच, बाकीचे तिथपर्यंत पोचण्याचे.

बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एन-६३ नावाचं ४.४ लिटरचं इंजिन आणलं, त्यात दोन्ही टर्बोच त्या घळीत बसवले. एक्झॉस्टचा रस्ता आखूड होतो, जागा वाचते, पाय दाबताच गाडी उसळते. मात्र लालबुंद तापणारे टर्बो इंजिनाच्या ऐन मध्यात आले. आसपासचं रबर, प्लॅस्टिक, वायरिंग भाजत राहतं, व्हॉल्व्हचे सील कडक होतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. २०१४च्या शेवटी कंपनीने अमेरिकेत या इंजिनांसाठी ‘कस्टमर केअर पॅकेज’ काढलं. टायमिंग चेन, इंजेक्टर वगैरे तपासून लागेल ते बदलायचं आणि ऑइल बदलायची मुदत दहा हजार मैल किंवा एक वर्ष यावर आणायची.

आपल्याकडे या उष्णतेत आणखी भर पडते. ऑटोबानवर पळणाऱ्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. मे महिन्यात हिंजवडीच्या चौकात एसी लावून तासभर उभ्या असलेल्या इंजिनाला फक्त पंख्याचा वारा. किलोमीटर वाढत नाहीत, तास वाढतात. म्हणून “साहेब, फक्त पंचेचाळीस हजार चाललीय” असं एजंट कौतुकाने सांगतो तेव्हा मी मीटरपेक्षा मागचा पाइप बघतो. गरम इंजिन पंधरा-वीस मिनिटं आयडलवर ठेवायचं आणि मग एकदम रेस द्यायची. निळसर धुराचा लोट बाहेर आला की पुढची तपासणी निवांत केली तरी चालते; घेणाऱ्याचा उत्साह तोवर निम्म्यावर आलेला असतो.

दुसरा शत्रू रबर, म्हणजे रबराचं वय. सकाळी आठच्या सुमारास फोन येतो: “गाडी बसली.” त्याचा अर्थ इंजिन बंद पडलं असा नसतो. रात्री गाडी लावली तेव्हा ताठ उभी होती, सकाळी एका कोपऱ्यावर गुडघे टेकून बसली. एअर स्प्रिंग म्हणजे जाड रबराची पिशवी. गाडी वरखाली होताना ती एकाच जागी दुमडते. नेमक्या त्या घडीवर केसासारख्या भेगा पडतात. आम्ही चाक लोंबकळतं ठेवून घडीवर साबणाचं पाणी फवारतो आणि टॉर्च धरून थांबतो. सुरुवातीला काही दिसत नाही. मग एखादा बुडबुडा फुगतो, फुटतो, त्याच जागी दुसरा धरतो. सगळी गळती एवढीच. पण ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसातून कितीतरी जास्त वेळा चालू होतो. त्याचा रिले गरम होऊन चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. ज्याने पहिल्या आठवड्यात गाडी आणली त्याचं काम एका स्प्रिंगवर भागतं. “सकाळी स्टार्ट केली की उठते ना, मग बघू दिवाळीनंतर” म्हणणाऱ्याला स्प्रिंग, कॉम्प्रेसर आणि रिले अशा तिन्हींचं बिल येतं. स्प्रिंग बदलताना मी जोडीने बदलायला सांगतो, कारण डावी आणि उजवी एकाच वयाच्या असतात. इथे ग्राहकाला वाटतं, हा बिल फुगवतोय. वाटू दे. दोन महिन्यांनी दुसरी बसते तेव्हा मजुरी पुन्हा पडतेच.

तिसरा शत्रू आपला पावसाळा. सनरूफच्या चार कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. प्रभात रोड काय, कोथरूड काय, गाडी झाडाखाली लागते आणि गुलमोहराची चिमुकली पानं सनरूफच्या खाचेत जाऊन बसतात. नळी तुंबली की पाणी खांबातून आत उतरतं, गालिच्याखाली साचतं, वरून मात्र सगळं कोरडं. एका ग्राहकाच्या गाडीत एकदा एसी आपोआप चालू व्हायचा, कधी मागची काच खाली यायची, कधी पार्किंगचे सेन्सर उगाच ओरडायचे. स्कॅनरवर फॉल्ट कोडची जत्रा. भागीदाराने कोड वाचणं सोडलं, गालिच्यावर तळहात दाबला, तर बोटांमधून पाणी वर आलं. सीटखालचं कंट्रोल युनिट हिरवट गंजाने माखलेलं होतं. त्या वर्षीपासून आम्ही मेमध्येच ग्राहकांना बोलावतो आणि नळ्या साफ करून देतो. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याचे पैसेही लावत नाही.

आणि साचलेलं पाणी. उंच एसयूव्ही आहे म्हणून लोक पुराच्या पाण्यात बिनधास्त गाडी घालतात. समोरून बस आली, तिच्या लाटेने पाणी एअर इनटेकपर्यंत उसळलं की खेळ खलास. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे मी दर जूनमध्ये सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कारण साध्या पॉलिसीत असं झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्शन घ्यावं लागतं.

विम्याची आणखी एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. झीरो डेप्रिसिएशनचं कवच बहुतेक कंपन्या पहिली पाचेक वर्षंच देतात. ते गेलं की रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. गाडी जुनी असो वा नवी, प्लॅस्टिकला ५० टक्केच. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, त्यापुढे ५०. आता या गाडीचं नाक बघा: बंपर, ग्रिल, रडारचं आवरण, पंख्याचं घर, सगळं प्लॅस्टिक. समोरून हलकीशी धडक बसली तरी क्लेममधला निम्मा खर्च मालकाच्या अंगावर येतो. शिवाय गाडीचं विम्यातलं मूल्य घटलेलं आणि भाग मात्र आजच्या दराचे. त्यामुळे मोठ्या धडकेत गाडी ‘टोटल लॉस’मध्ये लवकर जाते.

पण सगळ्यात जास्त बिलं गाडीच्या दोषामुळे होत नाहीत, काटकसरीमुळे होतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत टायरांचा घेर सारखा लागतो. एका सद्गृहस्थांनी झिजलेले दोन टायर बदलून दुसऱ्या कंपनीचे स्वस्तातले दोन टाकले. बाहेरून काही कळत नव्हतं. आत मात्र पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरत होता आणि ट्रान्सफर केसमधल्या क्लचप्लेटा ते भांडण दिवसभर सोडवत होत्या. काही महिन्यांत गाडी हळू वेगात वळताना झटके देऊ लागली. टायरांत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट ट्रान्सफर केसने खाल्ले. शिवाय यातल्या काही गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. पहिल्या एक्स-फाइव्ह एमला पुढे २७५ तर मागे ३१५ मिलिमीटरचे. म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे असं फिरवून आयुष्य वाढवायचीही सोय नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ऑइल आयुष्यभराचं आहे, बदलायची गरज नाही. कोणाच्या आयुष्याचं, हे लिहिलेलं नसतं. यातले बरेच गिअरबॉक्स झेडएफ नावाची जर्मन कंपनी बनवते, आणि ती स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. त्यांच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये खालचं प्लॅस्टिकचं भांडं आणि फिल्टर एकसंध असतात, म्हणून फिल्टरसाठी भांडंच नवं घ्यावं लागतं. ऑइलची पातळीही इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानात असतानाच बघायची. हा खर्च ऐकून तोंड वाकडं करणारे पुढे अख्खा गिअरबॉक्स उघडायला घेऊन येतात.

सुट्या भागांच्या बाबतीत थोडी हुशारी नक्कीच करता येते. चाकण आणि पिंपरीच्या पट्ट्यात मर्सिडीज, जग्वार-लँड रोव्हर यांची जुळणी होते म्हणून लोकांना वाटतं, पार्ट शेजारून येत असतील. प्रत्यक्षात जोरकस इंजिनांच्या आवृत्त्या बहुधा पूर्ण बांधून आयात होतात. त्यांचा एखादा सेन्सर हवा तर जर्मनीहून यायची वाट बघावी लागते. पण केयेन, फोक्सवॅगन टुआरेग आणि ऑडी क्यू-सेव्हन यांचा सांगाडा नात्यातला आहे. काही बेअरिंग, बुश, सेन्सर तेच असतात, खोका बदलतो आणि खोक्याबरोबर दर बदलतो. पार्ट नंबर जुळवत बसणं हे माझं रात्रीचं काम. त्याच कारखान्याचा माल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने, बॉश किंवा लेमफोर्डरच्या खोक्यात मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. पुण्यातल्या नाना पेठेत नाही मिळाला तर मुंबईत मिळतो, नाहीतर शारजाहून जुना मागवता येतो. जुनं मात्र मी आरसे, दिवे, दारं एवढंच घेतो. जुनी एअर स्प्रिंग घेणं म्हणजे दुसऱ्याचा आजार विकत घेणं.

मध्यंतरी बारामतीकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन गाडी तपासायला आले. दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही होती. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांपुढची डिझेल गाडी रस्त्यावर चालवायला बंदी होती, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे यायच्या. एनओसी आणि इथल्या रोड टॅक्सचा खर्च वेगळा. मुलगा मला शून्य ते शंभरचा वेग सांगत होता, एक्झॉस्टचा आवाज ऐकवत होता. वडील गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “पोराची हौस हाय, ती मोडायची न्हाई. तुम्ही फकस्त सांगा, ही वर्साला किती खाईल?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न इतका सरळ क्वचितच कोणी विचारला असेल. मी त्यांना कागदावर तीन रकाने पाडून दिले. पहिल्यात आत्ता करायलाच हवं ते: पुढचे ब्रेक, चारही टायर, बॅटरी. दुसऱ्यात वर्षभरात येणारं: गिअरबॉक्सचं ऑइल, पुढच्या दोन एअर स्प्रिंग, लोअर आर्मचे बुश. तिसऱ्यात नुसतं लक्ष ठेवायचं ते. खाली माझा ठोकताळा लिहिला: गाडी कितीलाही मिळो, ती नवी असताना जी किंमत होती तिच्या दीड-दोन टक्के दरवर्षी बाजूला ठेवायचे. एखाद्या वर्षी त्यातले निम्मे उरतील, एखाद्या वर्षी पुरणार नाहीत. वडिलांनी पहिल्या रकान्याची बेरीज केली, एजंटासमोर कागद ठेवला आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घेतली. गाडी घेतली आणि तशीच आमच्या लिफ्टवर आणली.

या गाड्या घेऊच नयेत, असं मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या एक डॉक्टर बाई आहेत, त्यांची व्ही-एट आमच्याकडे बरीच वर्षं येते. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही. ऑइल कधी बदललं, टायर कोणत्या महिन्याचे, कूलंट किती टाकलं, सगळं त्यात. कूलंट जरासं कमी झालं तरी त्या टॉप-अप करून मोकळ्या होत नाहीत. गेलं कुठे, ते आधी विचारतात. बिलं त्यांनाही येतात, पण एकावर एक चढून येत नाहीत. आणि घाट उतरताना ही गाडी जशी रस्ता धरते, तसं दुसरं काही मी चालवलेलं नाही, हेही खरं. तेवढ्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. फक्त त्याने ते मोजलेले असावेत.

म्हणून आता कोणी विचारलं, “एक मस्त डील आहे, बघायला याल का?” तर मी लगेच निघत नाही. म्हणतो, आधी दुकानात जा, त्या गाडीच्या चार टायरांचा भाव काढा आणि मला कळवा, मग बघू. बरेच जण परत फोन करत नाहीत. जे करतात, त्यांना पुढे आकडा सांगताना मला फारसं जड जात नाही.